तारे मोजा, साल सांगा

फूट-दीड फूट लांबीचं लाकडी तबक, दोन टोकांना धरायला पितळी कड्या. मध्ये पंख पसरलेला गरुड, त्याच्या छातीवर उभ्या पट्ट्यांची ढाल, एका पायात बाण, दुसऱ्यात ऑलिव्हची डहाळी, आणि कडेनं तारे. यातलं काहीही रंगवलेलं नाही. पांढुरका तारा म्हणजे हॉलीच्या लाकडाचा तुकडा, गरुडाचं अंग म्हणजे अक्रोड, जमीन मेपलची. प्रत्येक आकार वेगळ्या लाकडातून कापून दुसऱ्यात इतका घट्ट बसवलेला, की बोट फिरवलं तर सांधा हाताला लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत असं जडकाम करण्याची मोठी हौस होती आणि तसली तबकं आजही तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात येतात. त्यांवर करणाऱ्याचं नाव बहुधा नसतं, सालही नसतं. तरी तबक आपलं साल सांगतं. ते ऐकायचं तर तारे मोजायचे.

अमेरिकेचा झेंडा १७७७ साली ठरला तेव्हा राज्यं १३ होती, म्हणून तारे १३ आणि पट्टेही १३. पुढे दोन राज्यं आली, तेव्हा १७९५ पासून तारे १५ झाले आणि पट्टेसुद्धा १५. असंच चालू राहिलं असतं तर पट्ट्यांचा नुसता दोरा उरला असता. १८१८ च्या कायद्यानं ते सावरलं. पट्टे कायमचे १३, तारे मात्र जितकी राज्यं तितके, आणि नव्या राज्याचा तारा ते सामील झाल्यानंतरच्या ४ जुलैला झेंड्यावर चढणार. या शेवटच्या नियमामुळे ताऱ्यांच्या प्रत्येक आकड्याला सुरुवातीची आणि शेवटची अशी नेमकी तारीख मिळाली. ४५ तारे म्हणजे १८९६ ते १९०८, ४६ म्हणजे १९०८ ते १९१२, ४८ म्हणजे १९१२ ते १९५९.

हा हिशेब आपल्या श्रीरामपूरला आणि नगर जिल्ह्याला लावून बघावा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले, तेव्हा त्यांच्या देशाच्या झेंड्यावर २४ तारे होते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हा ३८. याच मार्गावर श्रीरामपूरचं स्थानक आहे, आणि गावाचं नाव श्रीरामपूर असलं तरी रेल्वेच्या पाटीवर ते आजही बेलापूरच आहे. ज्या धरणानं प्रवरेच्या कालव्यांत पाणी सोडलं आणि या मुलखात ऊस उभा केला, त्या भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं तेव्हा तारे ४६ होते; १९२६ मध्ये ते पुरं झालं तेव्हा ४८. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हाही ४८. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी अमेरिकेचा झेंडा ४९ ताऱ्यांचा होता. सातच्या सात ओळी असलेला हा झेंडा बरोबर एक वर्ष टिकला. हवाईचा पन्नासावा तारा चढला ४ जुलै १९६० ला, म्हणजे आपलं राज्य दोन महिन्यांचं असताना.

मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती १८८९ च्या हिवाळ्याची. डाकोटा हा मोठा प्रदेश राज्य होणार हे बरीच वर्षं दिसत होतं. झेंडे करणारे धरून चालले की डाकोटा एकच राज्य होईल, आणि त्यांनी ३९ ताऱ्यांचे झेंडे शिवून ठेवले. पण प्रदेशाचे दोन भाग झाले. २ नोव्हेंबर १८८९ ला उत्तर आणि दक्षिण डाकोटा ही दोन राज्यं एकाच दिवशी जन्मली. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सही करण्याआधी दोन्ही कागद मुद्दाम मागेपुढे करून मिसळले, म्हणून दोघांतलं थोरलं कोण हे कुणालाच सांगता येत नाही. ३९ ताऱ्यांचा झेंडा कधीच अधिकृत झाला नाही. त्याच महिन्यात ८ तारखेला मोंटाना आणि ११ तारखेला वॉशिंग्टन आलं, आकडा ४२ वर गेला. लोकांनी ४२ तारे शिवायला घेतले. तेवढ्यात ३ जुलै १८९० ला, नवा झेंडा चढायच्या आदल्या दिवशी, आयडाहो सामील झालं, आणि ४ जुलैला अधिकृत आकडा ठरला ४३. सहाच दिवसांनी वायोमिंग आलं. त्याच्या ताऱ्याला मात्र पुढच्या जुलैपर्यंत थांबावं लागलं.

आता विचार करा. त्या काळात कुणी ४२ ताऱ्यांचं तबक करायला घेतलं असेल, तर नोव्हेंबर १८८९ ते जुलै १८९० या आठ महिन्यांतच त्याला तो आकडा खरा वाटला असेल. कापडाचा झेंडा उसवता येतो, कोपऱ्यात एखादा तारा जास्तीचा टाकता येतो. लाकडात तारा बसला की बसला. एक वाढवायचा तर सगळी कड उखडावी लागते. म्हणून जडकामाच्या तबकावरचा आकडा हा त्या माणसाच्या मनातला देश असतो: ज्या दिवशी त्यानं पेन्सिल हातात घेतली, त्या दिवशीचा. त्याचा अंदाज चुकला असेल, तर ती चूकसुद्धा तारखेसह जपून ठेवलेली असते.

अर्थात तारे मोजून थांबता येत नाही. १३ तारे कुठल्याही काळात काढले जात, कारण ते मूळ १३ राज्यांचं स्मरण आहे. कडेला जितके मावतील तितके तारे बसवणारे कारागीरही होतेच. मग तबक उलटं करायचं. स्क्रूचं टोक बोथट असेल तर तो बहुधा १८४० च्या दशकाच्या अखेरीआधीचा, कारण टोकदार लाकडी स्क्रू तेव्हा रूढ झाला. आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो तो फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला. तो जर पहिल्यापासूनचा असेल, तर ३८ ताऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. वरच्या पापुद्र्याची जाडी बघायची. हातकरवतीनं काढलेला पापुद्रा एक-दोन मिलिमीटरचा असतो, यंत्रानं तासलेला त्याहून पुष्कळ पातळ. गरुडाच्या पायातले बाणही मोजावेत. अमेरिकेच्या राजमुद्रेत तेरा बाण असायला हवेत, पण १८४१ मध्ये नवा ठसा कोरणाऱ्यानं सहाच कोरले आणि १८८५ पर्यंत सरकारी कागदांवर सहा बाणांचाच गरुड उमटत राहिला.

एक कसोटी तर श्रीरामपूरच्या मेन रोडवरच्या दुकानातही करता येईल. नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तो अंधारात जुन्या पॉलिशवर धरला, तर लाखेचं पॉलिश नारिंगी उजळतं. नव्या रासायनिक वॉर्निशला हा रंग येत नाही. त्या लाखेची कहाणी आपल्याकडचीच आहे. पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर राहणारा एक बारीकसा किडा आपल्याभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडून, वितळवून, पातळ ताणून जो चपडा होतो, तो एकोणिसाव्या शतकात मुख्यतः भारतातून जगभर जायचा. आपल्या बांधावरच्या बोरीसारख्याच झाडांवर वाढलेल्या किड्यांचं काम अमेरिकन गरुडाच्या पंखांवर चमकत असतं.

लाकडांच्या रंगाची गोष्ट याहून मोठी आहे. झेंड्याला लाल, पांढरा आणि निळा लागतो. पांढरा सोपा: हॉली जवळजवळ हस्तिदंतासारखं गोरं असतं. लालसाठी पादौक चालतं, आणि उत्तम पादौक होतं अंदमानात. ते अमेरिकेत 'व्हर्मिलियन' या नावानं विकलं जाई आणि पुलमन कंपनीच्या आलिशान रेल्वे डब्यांच्या आतल्या सजावटीत वापरलं गेलं. अंदमानात १८८३ साली वनखातं आणि चॅथम बेटावरची लाकूड गिरणी सुरू झाली, आणि जंगल तोडायला राबवले जात ते काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी. मराठी माणसाला अंदमान म्हटलं की कोठडी आणि कोलू आठवतो. त्याच बेटांवरचं लाल लाकूड शिकागोहून धावणाऱ्या डब्यांच्या भिंतींवर चकचकीत पॉलिश होऊन बसलं होतं, हे मला पहिल्यांदा वाचताना खरंच वाटेना.

निळा मात्र अवघड. झेंड्यासारखं निळं लाकूड जवळजवळ कुठल्याच झाडाला नसतं. हिरवट-निळं मिळतं, तेही एका बुरशीमुळे: पडलेल्या ओकच्या किंवा बर्चच्या लाकडात ती शिरते आणि आतून त्याला मोरपंखी रंग देते. पंधराव्या शतकातल्या इटालियन कारागिरांनी हे रंगलेलं लाकूड हुडकून आपल्या जडकामात झाडांची पानं केली, आणि ती आजही हिरवी आहेत. अमेरिकन तबकांत निळ्यासाठी हॉली किंवा मेपल रंगाच्या काढ्यात उकळत. १८५६ नंतर रासायनिक रंग निघाले आणि काम सोपं झालं, पण ते रंग उजेडाला टिकत नाहीत. शंभर वर्षं उजेडात राहिलेल्या तबकावर निळा राखाडी होतो, पांढरा पिवळतो, अक्रोड फिका पडतो, चेरी काळवंडतं. तिन्ही रंग हळूहळू एकाच तपकिरीकडे येतात. मूळ झेंडा बघायचा असेल तर कडीखालची जागा बघावी. धातूनं झाकलेली तेवढी चतकोर जागा अजून ताजी असते.

गरुडाच्या पंखांना पिसं दिसतात, गोलाई दिसते, तीसुद्धा रंगानं आणलेली नसते. कढईत बारीक वाळू तापवायची. लाकडाचा पापुद्रा चिमट्यात धरून त्याची एक कड काही सेकंद वाळूत बुडवायची. वाळूच्या तळाशी उष्णता जास्त, वर कमी, म्हणून लाकूड टोकाला गडद आणि वर येत फिकं असं करपतं. एखादा क्षण जास्त झाला की कोळसा. एकेक पीस असं भाजून, कापून, शेजारी शेजारी बसवायचं. ती सावली लाकडाच्या आत गेलेली असते, म्हणून वरून घासली तरी एकदम जात नाही.

हे सगळं करणारे फक्त निष्णात सुतार नव्हते. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली, फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं, आणि त्या सुमारास पायानं चालवायच्या बारीक करवतीचं वेड देशभर पसरलं. शिलाई यंत्रासारखं पायटं मारायचं आणि केसाएवढ्या पात्यानं पातळ फळी कापायची. इटलीतल्या सोरेंतो गावच्या जडकामाचं नाव त्या छंदाला मिळालं. पोरं, बाया, पेन्शनर संध्याकाळी घरी बसून हे करू लागले. दोन वेगवेगळ्या रंगांचे पापुद्रे एकावर एक ठेवायचे आणि एकदम कापायचे. मग काळ्यातला तारा पांढऱ्यात बसतो आणि पांढऱ्यातला काळ्यात. पातं थोडं तिरकं धरलं, तर पात्याच्या जाडीनं गेलेली फटही भरून निघते आणि सांधा नाहीसा होतो. मग खाली गरम सरस, वर शिकंजा.

इथे मुंबईकडे वळायला हवं, कारण तारे जडवण्याची तिथली रीत वेगळी होती आणि मला ती बुद्धीला जास्त आनंद देणारी वाटते. एकोणिसाव्या शतकात सुरत आणि मुंबईत सडेलीचं काम होई. चंदनाच्या किंवा शिसवी पेटीवर इवल्या ताऱ्यांची अखंड जाळी. या कलेचं नातं इराणातल्या शिराझच्या खातमकारीशी सांगितलं जातं, आणि इथे पारशी कारागिरांचा तिच्यात मोठा वाटा होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मुंबईच्या जडकामाच्या पेट्या मांडल्या होत्या. या कारागिरानं तारा कापलाच नाही. त्यानं हस्तिदंत, आबनूस, चंदन आणि कथील यांच्या तिकोनी काड्या केल्या, त्या ताऱ्याच्या रचनेत सरसानं एकत्र बांधल्या, आणि तयार झालेली जुडी आडवी कापली. बाकरवडीची गुंडाळी कापताना प्रत्येक चकतीवर तेच चक्र निघतं, तसा प्रत्येक चकतीवर तोच तारा. एका जुडीतून एकसारखे असंख्य तारे, कागदासारखे पातळ, पेटीवर चिकटवायला तयार.

पण हे तारे सहा टोकांचे असतात. त्यामागे भूमितीचा हुकूम आहे. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. असे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती आणले की बरोबर ३६० अंश भरतात, सुईएवढी फट राहत नाही. एकच तिकोनी काडी घेऊन तारा होतो, ताऱ्यांमधली जागाही त्याच काडीनं भरते. अमेरिकन तारा पाच टोकांचा. त्याचं टोक ३६ अंशांचं, मध्ये पंचकोन. पंचकोन एकाला एक लावत गेलात तर वेडीवाकडी फट राहतेच. नियमित पंचकोनांनी फरशी कधीच पूर्ण भरत नाही. म्हणून अमेरिकन तबकावर प्रत्येक तारा एकटा असतो, स्वतःच्या खाचेत बसलेला, आजूबाजूला मोकळी जागा. मुंबईच्या पेटीवर कुठलाच तारा एकटा नसतो. हा फरक मला कारागिरांच्या स्वभावातला वाटायचा. तो मुळात कोनांचा आहे.

ताऱ्याच्या एकटेपणाची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. प्रत्येक नवा तारा कुणाच्या तरी जमिनीवर उगवला. ओक्लाहोमाची राजमुद्रा बघा. मध्ये पाच टोकांचा मोठा तारा, भोवती ४५ छोटे, म्हणजे हे ४६ वं राज्य. मोठ्या ताऱ्याच्या पाच टोकांत चेरोकी, चिकासॉ, चॉक्टॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच मूळ राष्ट्रांच्या खुणा आहेत. या पाच राष्ट्रांनी १९०५ मध्ये सेक्वोया नावाचं स्वतःचं राज्य मागितलं होतं, घटना लिहिली होती, मतदानही घेतलं होतं. अमेरिकेच्या सरकारनं नकार दिला आणि १९०७ मध्ये त्यांची जमीन शेजारच्या प्रदेशात मिसळून एकच राज्य केलं. ४६ ताऱ्यांचं तबक हातात आलं तर शेवटच्या ताऱ्याच्या पोटात न झालेलं एक राज्य आहे, हे ठाऊक असावं.

महाराष्ट्राला असा झेंडा नाही आणि जिल्ह्यांचे तारेही नाहीत, पण आकडा आपल्याकडेही तसाच वाढत गेला. १ मे १९६० ला २६ जिल्हे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये नंदुरबार आणि वाशिम, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर. एकूण ३६. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. त्याचे तालुके राहाता वेगळा होईपर्यंत १३ होते, आता १४ आहेत. तो विभागावा ही मागणी जुनी आहे, आणि नव्या जिल्ह्याचं ठाणं श्रीरामपूर की संगमनेर की शिर्डी यावर इथे चहाच्या टपरीवर कधीही वाद घालता येतो.

या आकड्यांत एक विलक्षण गोष्ट दडली आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेवर गरुडाच्या डोक्यावर १३ तारे आहेत, आणि एक, चार, तीन, चार, एक अशा ओळींत मांडल्यामुळे ते मिळून सहा टोकांचा एक मोठा तारा होतात. तेरा ही संख्या असा तारा पूर्ण भरणारी आहे. बारा घेतले तर भोक पडतं, चौदावा बाहेर राहतो. एक ठिपका सोडला तर असा तारा भरणारी सर्वांत लहान संख्या १३, आणि तिच्या लगेच पुढची ३७. सदतिसाची गंमत अशी, की तिच्यातून भरीव षटकोनही होतो: मध्ये एक, भोवती सहा, मग बारा, मग अठरा. सडेलीच्या कारागिराला ज्या जाळीत काम करायची सवय होती, तिच्यात ३७ ठिपके तारा म्हणूनही बसतात आणि षटकोन म्हणूनही. महाराष्ट्राचे जिल्हे आज ३६ आहेत. कुणी शिसवीचं तबक घेऊन त्यांच्यासाठी एकेक हस्तिदंती रंगाचा ठिपका जडवायला बसला, तर दोन्ही आकृत्यांत एकच खाच उरेल. ती कुठल्या गावासाठी, हे श्रीरामपूरकराला विचारायची गरज नाही.